रामकृष्णहरी : सहा अक्षरांचा उघडा मंत्र

॥ श्री ज्ञानेश्वर तुकाराम ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेसाठी समितीनं ज्याला त्याला एकेक विषय वाटून दिला. कुणाला दिंडीचा मार्ग, कुणाला विणेकऱ्यांची यादी, कुणाला अन्नदात्यांची नावं. आमच्या वाट्याला ‘रामकृष्णहरी’ या मंत्राचा इतिहास आला. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण बैलामागं आणि टाळकऱ्यांच्या रांगेत झालं. त्यामुळं पंडितासारखं लिहिणं आमच्याकडून होणार नाही. कीर्तनात बोलतो तसंच लिहिलं आहे, गोड मानून घ्यावं.

खरं सांगायचं तर आम्ही हा विषय नको म्हणणार होतो. जो मंत्र आपण सकाळी धार काढताना म्हणतो, फोन उचलताना म्हणतो, मयतापुढं चालताना म्हणतो, त्याचा इतिहास तो काय लिहायचा? पण मागच्या सप्त्यात एका पोरीनं आम्हाला अडवलं. सहावी-सातवीतली असेल. कीर्तन उरकल्यावर पाया पडली आणि म्हणाली, “महाराज, टीव्हीवर दाखवतात की मंत्र गुपित असतो. गुरू कानात सांगतो, तो दुसऱ्याला सांगायचा नसतो. मग आपला मंत्र तुम्ही कर्ण्यावर कसा काय म्हणता? सगळ्यांना कळला की त्याची ताकद जात नाही का?”

आम्ही हसलो, “मोठी झालीस की कळेल” म्हणालो आणि वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर डोळ्याला डोळा लागेना. पोरीनं विचारलं होतं ते बरोबर होतं, आणि आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करून त्याचं नीट उत्तर कधी दिलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या पोरीला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

मंत्र म्हणजे काय

मंत्राचा अर्थ जुनी माणसं अशी फोड करून सांगतात, की ज्याचं मनन केलं असता तो तारतो, तो मंत्र. आपल्या देशात मंत्राची परंपरा वेदांपासूनची आहे. गायत्री मंत्र ऋग्वेदातला, तिसऱ्या मंडलातला. ऋषी विश्वामित्र, अक्षरं चोवीस. मुंजीत बाप मुलाला धोतराच्या आडोशानं तो कानात सांगायचा. वेदाचे मंत्र हजारो वर्षं कागदावर नव्हते, माणसाच्या तोंडात होते. काना-मात्रा तर सोडाच, आवाज कुठं वर न्यायचा आणि कुठं खाली आणायचा हेसुद्धा ठरलेलं. ज्यांनी ते एवढं जपलं त्यांच्या पाठांतराला नमस्कारच केला पाहिजे.

पण त्या जपणुकीला एक धाक होता. त्वष्ट्याची गोष्ट कीर्तनात आपण ऐकली असेल. त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, म्हणून त्यानं यज्ञ केला. मंत्रात ‘इंद्रशत्रू’ असा शब्द होता. स्वर चुकला आणि ‘इंद्राला मारणारा’ याच्याऐवजी ‘इंद्र ज्याला मारील तो’ असा अर्थ झाला. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. शब्द तोच, नुसता आवाज चुकला आणि उलटं फळ आलं. म्हणून मंत्र कुणालाही सांगायचा नाही, अधिकार बघायचा, असं ठरत गेलं. आणि अधिकार बघता बघता बाया, शूद्र आणि गावकुसाबाहेरची माणसं दाराबाहेर राहिली.

गुरुमंत्राचंही तसंच. गुरूनं शिष्याच्या कानात सांगायचा आणि शिष्यानं तो तळहातावरच्या दिव्यासारखा सांभाळायचा. नाथांची परंपरा अशीच आली. गोरक्षनाथांनी गहिनीनाथांना दिलं, गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना, निवृत्तिनाथांनी ज्ञानोबा माउलींना. तोवर ते एकाकडून एकाकडं आलं. माउलींनी मात्र शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, सगळ्यांसमोर, ज्याला कान आहेत त्याला. एकाच्या ओंजळीतलं पाणी पाटाला सोडावं तसं केलं.

तिकडं तामिळ मुलखात रामानुजाचार्यांची अशीच गोष्ट सांगतात. तिरुक्कोष्टियूरच्या गुरूंनी त्यांना पुष्कळ खेपा घालायला लावून नारायणाचा आठ अक्षरी मंत्र दिला आणि कुणाला सांगितलास तर नरकात जाशील असं बजावलं. रामानुज देवळाच्या गोपुरावर चढले आणि खाली जमलेल्या लोकांना मोठ्यानं मंत्र सांगून टाकला. एवढी माणसं तरणार असतील तर मी एकटा नरकात गेलो तरी चालेल, असा त्यांचा हिशेब. ही कथा आम्ही ऐकली तेव्हा वाटलं, हा माणूस वारकऱ्याच्याच जातीचा.

जैन बांधवांचा णमोकार मंत्र तर लहान पोरंही उघड म्हणतात. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू अशा पाचांना त्यात नमस्कार आहे, आणि नमस्काराच्या बदल्यात मागणं काहीच नाही. बौद्धांचं त्रिशरण सगळे मिळून तीन-तीन वेळा म्हणतात. शीख बांधवांचा तर सगळा भर नामस्मरणावरच. तेव्हा उघडा मंत्र ही काही आपली एकट्याची मिरास नाही. आपण फक्त तो रस्त्यावर आणला आणि त्याला चालायला लावलं.

मंत्र आणि नाम

आता मंत्र आणि नाम यातला फरक. मंत्राला चूक चालत नाही, नामाला चालते. वाल्या कोळ्याला ‘राम’ म्हणता येईना, तर तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि त्याचा वाल्मीकी झाला. अजामेळानं मरताना हाक मारली ती पोटच्या पोराला. पोराचं नाव नारायण होतं एवढाच काय तो देवाचा संबंध, तेवढ्यावर त्याचं काम झालं. इंद्रशत्रूची गोष्ट एका हातावर ठेवा आणि वाल्या कोळ्याची दुसऱ्या हातावर. पहिल्या गोष्टीत बरोबर शब्दसुद्धा जरा स्वर चुकला म्हणून बुडवतो, दुसरीत उलटा शब्दसुद्धा तारतो. आमच्यासारख्या चौथी शिकलेल्याला कुठली गोष्ट आपली वाटणार, हे सांगायला नको.

ही नामाची पेठ उघडली ती नामदेवरायांनी. ते पंजाबात गेले, घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंढरपूरचा शिंपी आणि त्याचे शब्द अमृतसरच्या दरबारात रोज गायले जातात. नाम गुपित असतं तर ते चंद्रभागेच्या वाळवंटातच राहिलं असतं.

तुकोबांच्या स्वप्नातला मंत्र

‘रामकृष्णहरी’ हा मंत्र तुकोबांना त्यांच्या गुरूंनी दिला. ती हकिगत तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितली आहे, म्हणून ती ऐकीव नाही. माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. स्वप्नात ते नदीवर स्नानाला निघाले होते. वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी पावशेर तूप मागितलं, आणि स्वप्नात तुकोबांना त्याचा विसर पडला. गुरूंनी आपली परंपरा सांगितली, राघव चैतन्य, केशव चैतन्य. आपलं नाव बाबाजी सांगितलं. आणि मंत्र दिला, ‘रामकृष्णहरी’. बाबाजी चैतन्यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे.

इथं दोन गोष्टी बघा. पहिली गोष्ट तुपाची. गुरूनं शिष्याकडं काही मागावं आणि शिष्याला ते देता येऊ नये, तरी मंत्र मिळावा. म्हणजे या मंत्राची दक्षिणा बाकीच राहिली. आम्ही कीर्तनात सांगतो की ते पावशेर तूप अजून वारकऱ्यांकडं येणं आहे, आणि आपण अन्नदान करतो ते त्यातलंच थोडं थोडं फेडतो. हे पुस्तकातलं नाही, आमच्या मनाचं आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. गुरूनं दिलेला मंत्र शिष्यानं झाकून ठेवायचा ही रीत. तुकोबांनी काय केलं? गुरूचं नाव, तिथी, वार आणि खुद्द मंत्र, सगळं अभंगात घालून गावापुढं मांडलं. त्यांच्या मनाला जो मंत्र आवडत होता, सोपा वाटत होता, तोच गुरूंनी दिला असंही सांगितलं. गुपिताची गाठ तिथंच सुटली. त्या दिवसापासून हा मंत्र घ्यायला कुणाच्या दारात जायला नको. ज्यानं ऐकला त्याला मिळाला.

आणि तो लगेच कामाला लागला. बहिणाबाईंचंच बघा. देवगाव त्यांचं माहेर. जन्म १६२८ चा. जातीनं ब्राह्मण. कोल्हापूरला तुकोबांचे अभंग कानावर पडले आणि ध्यास लागला. तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. एका कुणब्याला ब्राह्मणाच्या बाईनं गुरू करावं, त्या काळात! घरात मार खाल्ला, देहूला मंबाजीचा जाच सोसला, पण गुरू सोडला नाही. पुढं शिवूरला राहिल्या. ज्या बाईला वेदाचा मंत्र ऐकायची बंदी होती तिला मंत्र मिळाला, आणि ज्याला मंत्र देण्याचा अधिकार नव्हता त्याच्याकडून मिळाला.

अर्थ

आता अक्षरांचा अर्थ. रा, म, कृ, ष्ण, ह, री अशी सहा अक्षरं. ज्याच्यात मन रमतं तो राम. कृष्ण म्हणजे सावळा हा सरळ अर्थ आहेच, पण ‘कृष्’ म्हणजे ओढणं, म्हणून मनाला ओढून नेतो तो कृष्ण असाही अर्थ सांगतात. आणि जो पाप, ताप, दैन्य हरण करतो तो हरी. आम्ही शेतकरी, म्हणून आम्हाला त्यात आणखी एक दिसतं. ‘कृषी’ हा शब्दही त्याच ‘कृष्’च्या घरचा, नांगर ओढणं. नांगर ओढल्याशिवाय तण मरत नाही. आधी रान आवडावं लागतं, मग नांगरट होते, मग तण जातं. राम, कृष्ण, हरी हा क्रमही आम्हाला तसाच वाटतो.

काही जण विचारतात, यात विठ्ठल कुठं आहे? हरी म्हणजेच विठ्ठल. तीन नावं घेतली तरी देव एकच उभा आहे, विटेवर.

आणखी एक बारीक गोष्ट. या मंत्रात ‘दे’ नाही, ‘कर’ नाही, ‘रक्ष’ नाही. नुसती हाक आहे. आईला पोरगं रानातून हाक मारतं, ‘आये!’ एवढंच. काय पाहिजे ते सांगत नाही. आईला कळतं. आता आपण मागण्यासाठी नाही म्हणून कशासाठी म्हणतो? तर सोबतीसाठी. हे कळायचं असेल तर दिंडीतच चालावं लागतं.

पायाला लागलेला मंत्र

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला माउलींच्या पादुका त्यात ठेवायच्या आणि पंढरीची वाट धरायची. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हे जोड भजन त्या वाटेवरचं. पुढं १८३२ च्या सुमारास आरफळचे हैबतरावबाबा यांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. ते शिंद्यांच्या सरदारीतले, म्हणून त्यात लष्कराची शिस्त आली. दिंड्यांचे क्रम, चोपदार, तळ, घोडे, कर्णे. घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. सैन्याच्या शिस्तीत हत्यारांच्या जागी टाळ आले, एवढाच फरक.

दिंडीत मंत्राचं काम काय, हे नवख्याला कळत नाही. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागं विणेकरी, त्यांच्यामागं डोईवर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. ठेका धरला की पाय आपोआप पडतो. एक अभंग संपतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो, त्या मधल्या जागेत ‘रामकृष्णहरी’ येतं. अभंग ज्याला पाठ नाही तो तिथं मिसळतो. अभंग हुशाराचा, मंत्र सगळ्यांचा. दुपारी ऊन डोक्यावर आलं, पायाला फोड आले, घसा बसला, की अभंग थांबतात. मंत्र थांबत नाही. पुढच्या रांगेनं म्हणायचं, मागच्या रांगेनं झेलायचं. एक दमला तर दुसरा चालू ठेवतो. मंत्र एकट्याच्या ताकदीवर नसतो, म्हणून थकत नाही.

कीर्तनातही तसंच. सुरुवातीला ‘जय जय रामकृष्णहरी’, मध्ये निरूपण रंगात आलं की ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर. तेव्हा कीर्तनकार दम घेतो आणि श्रोता कीर्तनकार होतो. सप्त्यात विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. रात्री तीनला एकटाच पहारेकरी विणा घेऊन उभा असतो, देऊळ रिकामं, कुत्रंसुद्धा झोपलेलं. तेव्हा तो हळू आवाजात म्हणतो ते कुणासाठी? गावासाठी. गाव झोपलेलं असताना गावाच्या वतीनं कुणीतरी जागं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाज आरतीला आणखी एक रीत आहे. चोपदारानं दंड वर केला की हजारो माणसांचा टाळ एकदम बंद होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा झाला की टाळ थांबतो. आम्हाला ही रीत फार आवडते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा टाळ वाजता राहिला पाहिजे आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकलं पाहिजे.

हे लिहिलं आणि हात थांबला. कारण आपल्या दिंडीत एक टाळ असाच वाजत होता, आणि तो आपण ऐकला नाही.

पंगतीची गोष्ट

या भागावरून स्मरणिका समितीत दोन मतं झाली. शताब्दीच्या गोड कार्यात हे कशाला, असं काहींचं म्हणणं. आम्ही एवढंच म्हणालो की शंभर वर्षांचा जमाखर्च मांडायचा तर नावेच्या बाजूलाही लिहावं लागतं. समितीनं ऐकलं, त्यांचे उपकार.

आमचे आजोबा या दिंडीच्या पहिल्या पिढीतले. त्यांच्या वेळी गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक माणूस दिंडीबरोबर यायचा. त्यांचं नाव आम्ही छापत नाही, घरच्यांनी नको म्हटलं आहे. हरिपाठ तोंडपाठ, आवाज खणखणीत. पण चालायचं दिंडीच्या मागं, अंतर ठेवून. टाळ स्वतःचा, पाण्याचं भांडं स्वतःचं. पंगत उठली की त्यांना लांब, दगडावर वाढायचं. वरून. वाढणारे आमचे आजोबा.

एका वर्षी नदीकाठच्या काळ्या रानात संध्याकाळी पावसानं गाठलं. चिखलात पाय निघेनात, कंदील विझले, पुढच्या टाळकऱ्यांचे घसे बसले. भजन बंद पडलं आणि माणसं बिचकून जागच्या जागी उभी राहिली. तेव्हा मागून अंधारातून त्या माणसानं मंत्र धरला. एकट्यानं. सगळ्या दिंडीनं तो उचलला आणि मुक्कामापर्यंत तासभर दिंडी त्या आवाजाच्या जोरावर चालली. आणि मुक्कामावर पोचल्यावर त्यांना पुन्हा दगडावर वाढलं. आमचे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा हे सांगून रडायचे. म्हणायचे, “त्याचा आवाज आम्ही पंगतीत घेतला, त्याला न्हाई घेतला.”

हे नवं नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर का आहे ते पंढरीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकूस ढासळून चोखोबा गेले आणि ढिगाऱ्यातली कोणती हाडं त्यांची, हे नामदेवरायांनी विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखलं, असं परंपरा सांगते. हाडात नाम भिनलं होतं. तरी त्यांच्या वंशाला त्या समाधीच्या पुढं पाऊल टाकता येत नव्हतं. शेकडो वर्षं. शेवटी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले तेव्हा देवळाचं दार सगळ्यांना मोकळं झालं. गाडगेबाबांनी तर आधीच पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली होती. ती त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेच्या हवाली केली. आणि खुद्द बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तेव्हा पहिल्या पानाच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग घातला. अस्पृश्यांविषयीचा त्यांचा १९४८ चा इंग्रजी ग्रंथ चोखोबा, रविदास आणि नंदनार यांच्या स्मृतीला वाहिला. संतांशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण आपल्यासारख्यांशी होतं, जे संतांचं गातात आणि पंगत वेगळी मांडतात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढच्या आषाढीला तो माणूस दिंडीला आला नाही. आमचे वडील बोलवायला गेले. आजोबांनीच धाडलं होतं. त्या माणसानं वडिलांना बसवलं, चहा विचारला, आणि शांतपणे म्हणाला, “मंत्र तुमचाबी हुता, आमचाबी हुता. पंगत तेवढी तुमची हुती.” वडील उठून आले. या शब्दांना उत्तर आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला सापडलं नाही.

पंगत एक झाली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. आईबरोबर खडी फोडायला जायचो. गावातल्या सगळ्या जातीच्या बाया एका रांगेत हातोडा मारायच्या आणि ठेक्याला ‘रामकृष्णहरी’ म्हणायच्या. दुपारी सुकडी वाटायचे. खडीच्या ढिगावर कोण कुणाशेजारी बसलं हे बघायला कुणाला त्राण नव्हतं. त्याच्या पुढच्या वारीला मातंग, चर्मकार घरांतली माणसं दिंडीत होती, आणि वेगळी पंगत मांडायची कुणाला लाज वाटली. जे मंत्रानं व्हायला पाहिजे होतं ते भुकेनं केलं, हे लिहिताना आम्हाला अभिमान वाटत नाही. आणि जो आवाज आपल्याला अंधारातून घेऊन गेला होता, तो त्या एक झालेल्या पंगतीत नव्हता.

पोरीला उत्तर

गेली काही वर्षं दिंडीच्या प्रस्थानाच्या दिवशी गावाच्या वेशीवर विहारातली तरुण पोरं पाण्याचे जार घेऊन उभी असतात. वारकऱ्यांना पाणी वाढतात. त्यांत त्या माणसाचा नातूही असतो. पहिल्या वर्षी आम्ही त्याच्या हातून पाणी घेतलं आणि आम्हाला आजोबांचा दगड आठवला. आम्ही ‘रामकृष्णहरी’ म्हणालो, तो ‘जयभीम’ म्हणाला. दोघांनी हात जोडले. बुद्धपौर्णिमेला आम्ही विहारात जाऊन मागं बसतो. त्रिशरण सगळे मिळून म्हणतात तेव्हा ऐकतो. तेही उघड आहे, तेही सगळ्यांचं आहे. त्यांना परत बोलवायला आम्ही जात नाही. ते त्यांच्या वाटेवर सुखी आहेत. आमचं काम आमची वाट झाडून ठेवायचं.

तर बाळ, तू विचारलंस, सगळ्यांना कळला की मंत्राची ताकद जाते का? कळल्यानं जात नाही. तुकोबांनी सगळ्यांना कळवला म्हणूनच तो तुझ्यामाझ्यापर्यंत आला. ताकद जाते ती तोंड उघडं आणि पंगत झाकलेली असली की. मंत्र उघडा ठेवायचा तर हात उघडा पाहिजे, दार उघडं पाहिजे, टाळ वाजत राहिला तर कान उघडे पाहिजेत. एवढं सांभाळलं तर कर्ण्यावर म्हण, कानात म्हण, चुकून उलटा म्हण, तो काम करील.

आणि कर्ण्याचं तुझं एक बरोबर आहे. आता गाडीत, देवळात, फोनमध्ये मंत्राची फीत आपोआप फिरत असते आणि आपलं तोंड गप्प. यंदाच्या वारीत आपल्या दिंडीनं दुपारच्या टप्प्याला कर्णा बंद ठेवून घशानं चालावं, ही आमची विनंती आहे. मागच्या रांगेतल्याचा आवाज पुढं ऐकू आला पाहिजे.

लिहिण्यात चूक झाली असेल तर आमच्या अडाणीपणाची समजावी. काही बरं वाटलं असेल तर ते संतांचं. दिंडीच्या शंभर वर्षांत जे विणेकरी, टाळकरी, स्वयंपाकी आणि डोईवर तुळस वाहणाऱ्या माउल्या चालल्या त्या सगळ्यांना, आणि जे मागं अंतर ठेवून चालले त्यांना आधी, आमचं दंडवत.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम.

रामकृष्णहरी.